फ्लॉरेन्सची ई-सायकल सहल: गावासाठी पाय, टेकड्यांसाठी मोटार

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोपच्या ठरीव सहलींमध्ये फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. बस पियात्साले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात थांबते, खाली पसरलेल्या लाल कौलांचा आणि घुमटाचा फोटो निघतो, मग गावात उतरून दुओमोला, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथीड्रलला, एक फेरी, पोंते वेक्यो पुलावरच्या सोनारांच्या काचा, हातात जिलातो म्हणजे इटालियन आइस्क्रीम, आणि परत बस. हा लेख त्यांच्यासाठी नाही. स्वतः तिकिटं काढून फ्लॉरेन्समध्ये निदान दोन रात्री राहणार आहात आणि त्यातला अर्धा दिवस गाइडसोबत ई-सायकलवर घालवावा असं मनात आहे, त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फ्लॉरेन्सचं जुनं गाव पाहायला सायकल लागतच नाही. सांता मारिया नोव्हेला स्टेशनापासून सांता क्रोचे चर्चपर्यंत रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासात पोचता. मधल्या गल्ल्यांत इतकी गर्दी असते की पंचवीस किलोची सायकल म्हणजे नसती ब्याद. ई-सायकलची खरी किंमत कळते ती दोन ठिकाणी: आर्नो नदीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर आणि पश्चिमेला पसरलेल्या नदीकाठच्या काशिने उद्यानात. तेव्हा जी सहल तीन तासांतले दोन तास दुओमो आणि सिन्योरिया चौकातच घुटमळते ती घेऊ नका. तेवढं तुम्ही पायी पाहालच.

कोणता महिना, कोणता वार, कोणती वेळ

फ्लॉरेन्स टेकड्यांच्या वाडग्यात बसलंय. जुलै-ऑगस्टमध्ये हवा हलत नाही आणि पारा सहज 35 च्या वर जातो. विदर्भातल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण दगडी फरशीवर दुपारी दोन वाजता हेल्मेट घालून उभं राहिल्यावर हसू येत नाही. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल, तर सकाळी नऊच्या आतली किंवा संध्याकाळची सहल घ्या.

वार निवडताना सोमवारचा विचार जरूर करा. उफ्फीझी, अकादेमिया (जिथे मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिडचा पुतळा आहे) आणि पित्ती राजवाडा ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. बाहेरून आलेले लोक त्या दिवशी काय करावं या विवंचनेत गल्ल्यांतून फिरत असतात. तुम्ही टेकड्यांवर असाल. मंगळवारी सकाळी काशिने उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो. बाजार पाहायचा असेल तर छानच, सायकल चालवायची असेल तर त्या वेळी तिकडे फिरकू नका.

सूर्यास्ताची सहल सगळ्यात आधी भरते, आणि ती घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जूनमध्ये सूर्य जवळजवळ नऊला मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या सुमाराला. त्याच हिशेबाने सहलीची वेळ बदलते आणि उतरताना अंधार असतो. शिवाय त्या वेळी पियात्साले मिकेलांजेलोच्या पायऱ्यांवर जत्रा भरलेली असते. ज्यांना रस्त्यावर सायकल चालवायची फारशी सवय नाही त्यांनी सकाळच घ्यावी. सकाळी दुकानांना माल पोचवणाऱ्या गाड्या असतात खऱ्या, पण त्या दिसतात तरी.

पैसे भरण्याआधी विचारायच्या गोष्टी

अडीच ते तीन तासांच्या बहुतेक सहली माणशी साधारण 40 ते 80 युरोंच्या दरम्यान मिळतात. स्वस्त आणि महाग यांतला फरक सायकलच्या चकचकीतपणात शोधू नका, पुढच्या प्रश्नांच्या उत्तरांत शोधा.

पहिला प्रश्न गटाचा. किती जण? आठपर्यंत ठीक. बारा-पंधरा झाले की प्रत्येक सिग्नलला गट तुटतो, पुढचे पलीकडे, मागचे अलीकडे, आणि गाइडचा अर्धा वेळ माणसं मोजण्यात जातो. मोठ्या गटात मागे दुसरा माणूस असतो का, हे विचारा.

दुसरा प्रश्न गाइडचा. इटलीत पर्यटक-गाइड हा परवाना लागणारा व्यवसाय आहे. वास्तू आणि इतिहास समजावून सांगणारा परवानाधारक गाइड वेगळा आणि नुसता पुढे राहून वाट दाखवणारा सोबती वेगळा. दोघांचीही आपली उपयुक्तता आहे, पण पैसे कशाचे देतोय ते कळलं पाहिजे. परवानाधारक गाइड हवा असेल तर तसं लिहून विचारा.

तिसरा प्रश्न सायकलचा, आणि तो बहुतेक लोक विचारतच नाहीत. मोटार मागच्या चाकात आहे की पॅडलच्या मधोमध? मधल्या मोटारीची सायकल तुम्ही किती जोर लावता हे ओळखून त्या बेताने मदत करते. चालवताना आपलेच पाय बळकट झाल्यासारखं वाटतं. चाकातली मोटार आणि साधा सेन्सर असलेली सायकल नुसतं पॅडल फिरतंय एवढंच पाहते आणि एकदम पुढे झेपावते. मोकळ्या रस्त्यावर त्याने बिघडत नाही. माणसांच्या गर्दीत बिघडतं.

चौथा उंचीचा. आपल्याकडच्या अनेक बायकांची उंची पाच फुटांच्या आसपास असते आणि युरोपातल्या भाड्याच्या सायकली त्या मानाने उंच असतात. बुकिंग करतानाच सेंटिमीटरमध्ये उंची कळवा आणि मधला दांडा खाली असलेली, पाय वर न उचलता बसता येईल अशी सायकल मागा. मुलं बरोबर असतील तर किमान वय आणि उंचीची अट आधी पाहा. लहान मुलासाठी मागची बैठक काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी नाही.

शेवटचा प्रश्न मार्गाचा. "सान मिनियातो चर्चपर्यंत जाता का, की पियात्सालेवरूनच परत फिरता?" या एका प्रश्नावरून सहलीची प्रत कळते. पावसात काय करता, पैसे परत की तारीख बदलून, हेही त्यातच विचारून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. त्या पॉलिसीत सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे ना, हे कागद हातात असताना वाचा. बहुतेकांत साधं सायकलिंग धरलेलं असतं, पण 'साहसी क्रीडा' या सदराखाली काय काय वगळलंय ते पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

निघण्याआधी, घरीच

शाळेनंतर सायकलला हात न लावलेली माणसं "मोटार आहे ना" म्हणून बिनधास्त बसतात. मोटार पाय चालवायला मदत करते, तोल सांभाळत नाही. जाण्याआधीच्या दोन-तीन रविवारी सोसायटीच्या आवारात किंवा मोकळ्या रस्त्यावर साधी सायकल चालवून बघा. तीन गोष्टी जमल्या की पुरे: एका हाताने दिशा दाखवत सरळ जाणं, मागे वळून पाहताना रेषा न सोडणं, आणि चालण्याच्या वेगाने न डगमगता जाणं. या तिसऱ्या गोष्टीची फ्लॉरेन्समध्ये सगळ्यात जास्त गरज पडते.

कपड्यांचं सोपं आहे. सैल सलवार, लांब ओढणी, पायघोळ कुर्ता चेनमध्ये किंवा चाकात अडकतो, ते टाळा. पण अगदी आखूड चड्डीही नको, कारण वाटेत चर्च आहेत आणि आत जाताना खांदे व गुडघे झाकलेले लागतात. गुडघ्याखाली येणारी पँट आणि अंगावर टाकायला एक पातळ जॅकेट, एवढ्यात दोन्ही भागतं. बूट मागून बंद असलेले हवेत.

दुकानात: घाई करू नका

नेमलेल्या वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा. गट जमेपर्यंत तुमची सायकल तुमच्या मापाची करून घ्यायला तेवढा वेळ मिळतो.

सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मात्र नवख्यांनी सीट त्याहून थोडी खाली ठेवलेली बरी; थांबल्यावर दोन्ही पावलांचे चवडे टेकले की धीर येतो.

मग ब्रेक. आपल्याकडे सायकल असो की स्कूटर, उजव्या हाताला पुढचा ब्रेक अशी बोटांना सवय असते. युरोपातल्या सायकलींवर पुष्कळदा उलटं असतं. अंदाज बांधू नका: सायकल ढकलत एकेक ब्रेक दाबून कोणतं चाक अडतं ते पाहा. डिस्क ब्रेक असतील तर ते दोन बोटांनीही करकचून लागतात, तेही इथेच समजून घ्या.

हँडलवरच्या बटणांवर मदतीच्या तीन-चार पातळ्या असतात. युरोपच्या नियमानुसार या सायकलींची मोटार 250 वॉटची असते आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत थांबते. अॅक्सिलरेटर नसतो, पॅडल मारलं तरच मोटार चालते. यातून एक गंमत होते जी स्कूटरवाल्यांना फार छळते. सिग्नलला उभं असताना पाय सहज पॅडलवर टेकवून ठेवायची सवय असते. तेवढ्या दाबानेही काही सायकली पुढे सरकतात. थांबलात की दोन्ही ब्रेक धरून ठेवा, आणि निघायच्या क्षणीच पॅडलवर पाय द्या.

गिअरबद्दल एकच नियम पाळा: थांबण्याआधी हलका गिअर टाका. मोटार आहे म्हणून जड गिअरमध्ये चढावर निघायचा प्रयत्न केला तर चेन कुरकुरते आणि तोल जातो. हेल्मेट मोठ्यांना इटलीत सक्तीचं नाही. तरीही घाला, दुकानं ते देतात.

शेजारच्या गल्लीत एक चक्कर मारून या. काही खटकलं तर तेव्हाच सांगा, सायकल बदलून मागायला संकोच नको.

रस्त्यावरचे चार धोके

पहिला आपल्या डोक्यात असतो. इटलीत वाहतूक उजवीकडून चालते. गाइडच्या मागे, रहदारीत असताना चूक होत नाही, पुढचा माणूस दिसत असतो. चूक होते ती फोटोसाठी थांबून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना: हात आपोआप सायकल डावीकडे नेतो. प्रत्येक थांब्यानंतर मनात "उजवीकडे" म्हणायचं. चौकातल्या गोल बेटाभोवतीही घड्याळाच्या उलट दिशेने जायचं असतं, आणि डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

दुसरा धोका ट्रामचे रूळ. स्टेशनाच्या आजूबाजूला आणि काशिनेच्या बाजूला ट्राम धावते. रुळाची खाच सायकलचं चाक गिळते. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. वळणावर काटकोन साधत नसेल तर उतरून सायकल हातात धरून पलीकडे न्या.

तिसरा फरशी. जुन्या गावातले रस्ते मोठमोठ्या दगडी लाद्यांचे आहेत, शतकांच्या वापराने गुळगुळीत झालेले. कोरडे असताना नुसते धक्के बसतात. पावसाची एक सर आली की त्यांवर वळताना ब्रेक मारायचा नाही. सरळ असतानाच वेग कमी करायचा.

चौथा धोका माणसं. दुओमोभोवती आणि सिन्योरिया चौकात मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे लोक नजर घुमटावर ठेवून रस्त्याच्या मधोमध उभे असतात. अशा ठिकाणी मोटारीची मदत बंद किंवा अगदी कमी करा. गाइडने उतरा म्हटलं की उतरा. पोंते वेक्योवर तर सायकल हातात धरूनच जायचं. फोन खिशात, कानात काही नाही. दोन्हींसाठी सायकलवाल्यालाही दंड होऊ शकतो.

मार्ग: गावातून टेकडीवर, टेकडीवरून ऑल्त्रार्नोत

सहलींचे मार्ग थोडेफार वेगळे असतात, पण चांगल्या सहलीची आखणी साधारण अशी असते.

सुरुवातीला दुओमोची एक प्रदक्षिणा होते. 1296 मध्ये कामाला सुरुवात झालेल्या या कॅथीड्रलवरचा घुमट फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात चढवला, तोही जमिनीपासून लाकडी सांगाडा न उभारता. आत पायऱ्या चढून जायचं ते दुसऱ्या दिवशी (463 आहेत). सायकलवरून एकच गोष्ट पाहा: घुमटाच्या खालच्या अष्टकोनी पट्ट्याच्या एकाच बाजूला संगमरवरी सज्जा आहे, बाकीच्या सात बाजू उघड्या, ओबडधोबड राहिल्यात. हा सज्जा म्हणजे रातकिड्यांचा पिंजरा, असं मायकेलअँजेलोने म्हटल्यावर काम थांबलं ते थांबलंच, अशी कथा सांगतात. चालताना मान वर करून हे शोधायला जमत नाही, प्रदक्षिणेत सहज दिसतं.

तिथून सिन्योरिया चौक. इथे 1504 पासून 1873 पर्यंत मूळ डेव्हिड उघड्यावर उभा होता. आता आहे ती प्रतिकृती. चौकाच्या फरशीत एक गोल दगड आहे, त्या जागी 23 मे 1498 ला साव्होनारोला या धर्मोपदेशकाला फाशी देऊन जाळलं. लोक त्यावर उभे राहून सेल्फी काढत असतात.

सांता क्रोचेच्या बाजूने जाताना भिंतींवर बरंच वर लावलेल्या छोट्या पाट्या गाइडला दाखवायला सांगा. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीला पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं त्याच्या त्या खुणा आहेत. या भागात ते जवळपास 5 मीटर होतं. जुलै 2005 ची मुंबई किंवा 2019 मधलं सांगली-कोल्हापूर ज्यांनी पाहिलंय त्यांना या पाट्यांपुढे गाइडचं भाषण लागणार नाही.

नदी ओलांडली की ई-सायकलचे पैसे वसूल व्हायला लागतात. 1865 ते 1871 फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. त्या काळात जुझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाने नदीच्या उत्तरेकडची जुनी तटबंदी पाडून रुंद रस्ते केले आणि दक्षिणेच्या टेकड्यांवर पाच-सहा किलोमीटरचा वळणावळणांचा, झाडांचा रस्ता आखला. फेर्रुच्ची चौकातून तो चढायला लागतो आणि पोर्ता रोमाना दरवाजाशी उतरतो. घोडागाड्यांसाठी आखलेला असल्याने चढ सौम्य आहे. मदतीची मधली पातळी ठेवली की घाम न येता वर जाता. सगळ्यात वरची पातळी लावून पुढे पळू नका. बॅटरी पुरेल हो, पण मग रस्त्याची वळणं आणि कमानींसारखी वाकलेली झाडं पाहायची राहतात, आणि वर एकटेच गटाची वाट पाहत बसाल. रस्ता मोटारींनाही खुला आहे, तेव्हा एकामागोमाग एक, उजव्या कडेने.

पियात्साले मिकेलांजेलोवर दहा मिनिटं पुरेत. हा चौक समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर, गावापेक्षा पन्नास-एक मीटर उंच. तेवढ्यातही घुमटाचा आकार डोळ्यांत मावत नाही. मधोमध ब्राँझचा डेव्हिड आहे, तोही प्रतिकृती. मेमध्ये गेलात तर खालची गुलाबाची बाग बहरलेली असते आणि प्रवेश फुकट असतो.

मग त्याहून वर, पाच मिनिटांवर, सान मिनियातो आल मोंते. एका थांब्यासाठीच वेळ असेल तर माझं मत याला. बांधकामाची सुरुवात अकराव्या शतकाच्या आरंभीची. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचा दर्शनी भाग पाहिलात तर फ्लॉरेन्समधल्या नंतरच्या कितीतरी चर्चनी कुठून काय उचललं ते कळतं. आत जमिनीत राशिचक्र जडवलंय, 1207 सालचं. फ्लॉरेन्सला पडलेल्या 1529-30 च्या वेढ्यात मायकेलअँजेलोने शत्रूच्या तोफांपासून इथला मनोरा वाचवायला त्याला लोकरीचे गठ्ठे आणि गाद्या गुंडाळल्या होत्या. मठात आजही संन्यासी राहतात, संध्याकाळच्या प्रार्थनेत ग्रेगोरियन गायन चालतं. वरच्या शेवटच्या चढाला हलका गिअर आणि वरची पातळी, दोन्ही लागतं. मध्येच थांबावं लागलं तर ब्रेक धरून, एक पॅडल वर आणून, मग जोर द्या. तेही जमलं नाही तर उतरून ढकला. बऱ्याच सायकलींना ढकलताना मदत करणारं बटण असतं, दुकानात विचारून ठेवलेलं बरं.

पुढे गॅलिलिओच्या नावाचा रस्ता लागतो. त्याच्या दक्षिणेला आर्चेत्री ही वस्ती आहे, जिथे गॅलिलिओने आयुष्याची शेवटची वर्षं नजरकैदेत काढली आणि जानेवारी 1642 मध्ये प्राण सोडला. गाइडला वेळ असेल तर सान लिओनार्दो गल्लीत वळायला सांगा. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणाच्या भिंती, वरून डोकावणारी ऑलिव्हची झाडं, मोटारी तुरळक. दुओमोपासून आपण दोनेक किलोमीटरवरच आहोत हे खरं वाटत नाही.

पोर्ता रोमानाकडचा उतार लांब आहे. जड सायकल उतारावर वेग पटकन घेते. वळणात शिरल्यावर नाही, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक हलके-हलके लावा; एकच ब्रेक सतत धरून ठेवू नका. खाली चौदाव्या शतकातला दरवाजा ओलांडला की ऑल्त्रार्नो, म्हणजे नदीपलीकडचं गाव. पित्ती राजवाडा, सांतो स्पिरितोचा चौक, लाकडी चौकटी आणि सोन्याचा मुलामा करणाऱ्या कारागिरांची दुकानं. इथे जुन्या हवेल्यांच्या भिंतीत हात जाईल एवढ्या कमानदार खिडक्या दिसतील, काही बुजवलेल्या. त्यांतून पूर्वी उमराव घराणी आपल्या मळ्यातली वाइन थेट रस्त्यावर विकायची. गावात अशा दीडशेहून अधिक आहेत आणि काहींमधून आज पुन्हा ग्लास बाहेर येतो. सायकल परत केल्यावर.

परतताना सांता त्रिनिता पुलावर थांबून डावीकडे-उजवीकडे पाहून घ्या. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नोवरचे सगळे पूल उडवले, फक्त पोंते वेक्यो ठेवला. तुम्ही उभे आहात तो सोळाव्या शतकातला पूल नदीतून काढलेले मूळ दगड वापरून 1958 पर्यंत पुन्हा बांधलेला आहे.

काशिने: कोल्हापूरच्या महाराजांपर्यंत

हा भाग नेहमीच्या सहलींमध्ये नसतो. गाइडसोबत खासगी सहल घेतली असेल तर आधी सांगून जोडून घ्या. नाहीतर सायकल दिवसभराच्या भाड्यावर ठेवून दुपारी स्वतः जा. मार्ग सपाट आहे, चुकायला जागा नाही. नदीच्या उत्तर काठाने पश्चिमेकडे निघायचं, ट्रामचे रूळ सांभाळून काशिने उद्यानात शिरायचं आणि नदी डाव्या हाताला ठेवून झाडांच्या रांगांमधून टोकापर्यंत जायचं. पोंते वेक्योपासून साधारण पाच किलोमीटर. पायी गेलात तर येऊन-जाऊन अर्धा दिवस, सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं.

टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ छत्रीखाली एका भारतीय तरुणाचा पागोट्यातला अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. शिवपुत्र राजाराम नव्हेत, आणि शाहू महाराजांचे चिरंजीवही नव्हेत. हे 1866 मध्ये गादीवर आलेले. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून 30 नोव्हेंबरला वारले. वय वीस. शहरात दहनाला मनाई होती. खास परवानगी काढून गावाबाहेर, दोन नद्यांच्या संगमावर रात्री त्यांचे अंत्यसंस्कार झाले. संगमाचीच जागा निवडली यामागचं कारण मराठी वाचकाला सांगायला नको.

1874 साली उभारलेल्या या स्मारकातला पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. हा मँट म्हणजे पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने आखला तोच. महाराजांची प्रवासातली रोजनिशीही 1872 मध्ये इंग्रजीत छापली गेली. गावच्या लोकांनी या टोकाला 'इंदियानो' म्हणायला सुरुवात केली आणि 1978 मध्ये जवळच आर्नोवर झालेल्या मोठ्या केबलच्या पुलालाही तेच नाव मिळालं. पुलाच्या खालच्या अंगाने पादचाऱ्यांसाठी वाट आहे; तिच्यावरून संगम चांगला दिसतो. तुम्ही सकाळी चढलेला पोज्जीचा रस्ता महाराज इथे आले त्याच वर्षांत तयार होत होता, हे गाइडला सांगून बघा. बहुतेक गाइडना पुतळा माहीत असतो, कोल्हापूर नसतं.

स्मारकाच्या कठड्याला सायकल टेकवू किंवा बांधू नका. हा नियम गावातल्या सगळ्याच जुन्या वास्तूंना लागू आहे. आणि उद्यानाचं हे टोक निर्जन असतं, तेव्हा अंधाराच्या आत परत फिरा.

खाणं आणि पाणी

पाण्याची बाटली बरोबर ठेवा, गावात पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. विकतच्या बाटल्यांवर पैसे घालवायचं कारण नाही. सहलीआधी पोटभर जेवू नका. शाकाहारी लोकांना फ्लॉरेन्स उपाशी ठेवत नाही: स्कियाच्याता ही तेलमीठ लावलेली चपटी भाजलेली रोटी चीज-भाज्या भरून मिळते, शिळ्या पावाची टोमॅटोतली पाप्पा आल पोमोदोरो मिळते, आणि बेसनाची भाजलेली चेचिना खाल्ली की घरच्या धिरड्याची आठवण येते. रिबोल्लिता हे बीन्स आणि पालेभाजीचं दाट सूप मागताना त्यात मांसाचा रस्सा आहे का, ते विचारा. रस्त्यावरच्या गाड्यांवर रांग दिसली म्हणून उभे राहिलात तर समोर बहुधा लाम्प्रेदोत्तो असेल, म्हणजे गाईच्या जठराचे तुकडे घातलेला पाव. आधी कळलेलं बरं.

सायकल परत करताना

सुरुवातीलाच सायकलचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले असतील तर ओरखड्यांवरून वाद होत नाही. अनामत रक्कम कार्डावर अडकवलेली असेल तर ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात, त्याच दिवशी फोनवर तगादा लावू नका. इटलीत बक्षिशी सक्तीची नसते. गाइड आवडला तर माणशी काही युरो दिले जातात, नाही दिले तरी कुणी रोखून पाहत नाही. दुपारनंतर पायांपेक्षा बैठकीचा भाग जास्त दुखेल. संध्याकाळी घुमट चढायचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.